धुके आणि मूळ प्रत

बदलीच्या नोकरीत माणूस हळूहळू सामान कमी करावयास शिकतो. छायाचित्रांचा पसारा मात्र वाढतच जातो, आणि त्याला ट्रकचे भाडे पडत नाही म्हणून तो कोणी आवरीतही नाही. माझ्यापाशी तीन गावांतील काही हजार छायाचित्रे साठली, तेव्हा ती निवडून नीटनेटकी करावयास कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असा प्रश्न मला पडला. प्रश्न क्षुल्लक खरा. पण कारकुनाच्या वाट्याला स्वतः निर्णय घेण्याचे प्रसंग तरी कितीसे येतात!

पहिले नाव पुढे आले ते अर्थातच फोटोशॉपचे. 1990 साली निघालेल्या या सॉफ्टवेअरचे सामर्थ्य वादातीत आहे. ज्याला एका चित्रातील आकाश दुसऱ्या चित्रावर चढवावयाचे असेल, त्याने खुशाल तिकडे जावे. परंतु 2013 पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. जन्मभर सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्याने निदान आपल्या आठवणी तरी भाड्याच्या घरात ठेवू नयेत, असे मला वाटले. फुकट मिळते ते टिकतेच असेही नाही. घरोघरी वापरला जाणारा पिकासा गूगलने 2016 साली बंद केला. अखेर मी डार्कटेबल घेतले. तेही विनामूल्य आहे, पण त्याची मूळ संहिता सर्वांना खुली असल्यामुळे एकाने हात काढून घेतला तरी दुसऱ्याला ते पुढे चालविता येते. पहिले आठ दिवस त्यातील असंख्य कळा पाहून जीव घाबरा झाला, हे सांगितलेच पाहिजे.

तरीही ते मला मानवले, याचे कारण कचेरीतील सवयीत आहे. आमच्या टिपणीच्या पानावर वरिष्ठांना न पटलेला शेराही खोडला जात नाही. त्याखाली दुसरा शेरा येतो. डार्कटेबलही मूळ फाइलीला हात लावीत नाही. केलेला प्रत्येक फेरफार ते शेजारच्या एका छोट्या फाइलीत नोंदवून ठेवते, आणि एकाच मुळावरून दोन निराळ्या प्रती काढता येतात. कॅमेऱ्यातून जेपेगऐवजी रॉ घेतले तर काम आणखी सुकर होते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉमध्ये 16,384. सावलीत बुडालेला चेहरा वर काढताना या पायऱ्यांची किंमत कळते.

शिलाँगच्या बदलीत आई एकदाच माझ्याकडे आली होती. वॉर्ड्‌स लेकच्या लाकडी पुलावर तिचे एक छायाचित्र मी घेतले. भोवती दाट धुके होते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे जग मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. त्यामुळे शुभ्र धुके त्याला फाजील उजेडाचे वाटते आणि चित्र काळवंडते. एक्स्पोजर थोडे वाढविताच धुके पुन्हा पांढरे झाले. मला तेवढे पुरेसे होते. पण साताऱ्याहून दादाचा निरोप आला, ‘मागचे काहीच दिसत नाही, स्वच्छ करून पाठव.’

धुके काढण्याचीही सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्लायडर सरकवीत गेलो तशी झाडे उभी राहिली, पलीकडचा काठ आला. त्याबरोबर आईच्या चेहऱ्यावरील प्रत्येक सुरकुतीही गडद झाली. ती प्रत मी दादाला पाठविली. त्याला ती फार आवडली.

आईचा दूरध्वनी दुसऱ्या दिवशी आला. म्हणाली, ‘अरे, यात मी कठड्याला अशी दोन्ही हातांनी का चिकटले आहे? वेड्यासारखी दिसते. त्या दिवशी पुढचे पाऊल दिसत नव्हते, म्हणून धरला होता ना मी?’

मी चित्र पुन्हा उघडून पाहिले. लख्ख पूल, लख्ख काठ, आणि त्यात कारणावाचून भ्यालेली एक म्हातारी बाई. चित्रात नवे काहीच घातले नव्हते. फक्त तिच्या भीतीचे कारण काढून घेतले होते. चेहरा गुळगुळीत करणाऱ्या कळा मी पूर्वीपासूनच वर्ज्य मानीत आलो आहे. पण धुके हाही चेहऱ्याचाच भाग असू शकतो, हे मला कोणत्याही मार्गदर्शिकेत वाचावयास मिळाले नव्हते.

मूळ शाबूत होतेच. धुक्याची प्रत छापून मी आईला धाडली. दादाच्या दिवाणखान्यात स्वच्छ प्रत लागली आहे. आई मात्र आलेल्या-गेलेल्यांना आपली प्रत दाखविते, आणि पांढऱ्या भागावर बोट ठेवून ‘शिलाँग इथे मागे आहे’ असे सांगते, असे वहिनी परवाच हसत हसत म्हणाल्या.