वाचून दाखविले

वकिली म्हणजे काळा कोट, साक्षीदाराची उलटतपासणी आणि न्यायासनापुढे केलेले आवेशाचे भाषण, अशी सर्वसामान्य समजूत आहे. नाटकांनी आणि चित्रपटांनी ती दृढ केली आहे. डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत ज्यांनी वकिली करून पोट भरले आहे, त्यांना ही समजूत ऐकून मौज वाटते. आमच्या दिवसाचा मोठा भाग न्यायासनापुढे जात नाही. तो कचेरीतल्या टेबलाशी जातो, आणि तेथे आम्ही जे काम करतो त्याचे वर्णन एका शब्दात करावयाचे झाल्यास ‘वाचन’ असेच करावे लागेल. कागद प्रथम स्वतःशी वाचावयाचा आणि नंतर तो ज्याचा आहे त्याला वाचून दाखवावयाचा.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडमधल्या लहान गावांतून सॉलिसिटरांच्या ज्या कचेऱ्या असत, त्यांच्या कामकाजाविषयी वाचताना आम्हांला आमच्याच बिऱ्हाडी गेल्यासारखे वाटते. भिंतीलगत पत्र्याच्या काळ्या पेट्या, प्रत्येक पेटीवर एकेका घराण्याचे नाव आणि आत पिढ्यान्‌पिढ्यांची खरेदीखते, गहाणखते, मृत्युपत्रे. जमिनीची सक्तीची नोंदणी तिकडे १८९७च्या कायद्याने सुरू झाली, आणि तीही प्रथम लंडनपुरतीच. तोवर मालकीचा पुरावा म्हणजे ती पेटीच. कारकून चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात नकला करीत, आणि मजुरी ७२ शब्दांच्या एका ‘फोलिओ’च्या हिशेबाने लावली जाई. शब्द वाढले की पैसे वाढत; म्हणून तिथले दस्तऐवज पाल्हाळिक झाले, असा ठपका लोक सॉलिसिटरांवर ठेवीत. १८८१च्या कायद्याने मिळकतीच्या किमतीवर मेहनताना ठरविण्याची वाट मोकळी झाली. त्या दस्तऐवजांत स्वल्पविराम आणि पूर्णविरामही नसत. नक्कल तयार झाली म्हणजे एक कारकून मोठ्याने वाची आणि दुसरा मूळ मसुद्यावर बोट ठेवून ताडून पाही. वाचन तेथेही होतेच. पण ते नक्कल बिनचूक उतरावी म्हणून होते. आमच्याकडचे वाचन निराळ्या गरजेतून आले.

ती गरज समजण्यासाठी आमच्याकडील एखाद्या जुन्या मिळकतीचे बाड उघडून पाहावे. डिचोली आणि पेडणे हे प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात आले ते १७८०च्या दशकात. त्यापूर्वीचा येथला कारभार मराठीत आणि लिपी मोडी. म्हणून बाडाच्या तळाशी मोडीतला एखादा पिवळा कागद सापडतो. त्यावर पोर्तुगीज भाषेतील नोटरीच्या दस्ताची नक्कल असते आणि तिच्यात मिळकतीच्या चतुःसीमा ओढा, माड, देवाची पाणंद अशा खुणांनी दिलेल्या असतात. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६८ साली जमीन महसुलाचा नवा कायदा आला, भूमापन झाले, आणि ज्याला लोक ‘एक-चौदाचा उतारा’ म्हणतात तो कागद बाडात सर्वांत वर येऊन बसला. खरेदीखत असलेच तर ते इंग्रजीत. एका कुळागराला तीन भाषा आणि तीन लिप्या! त्या बागेत ज्याने सुपारी वेचली त्याला यांपैकी एकही भाषा वाचता येत नसावी, हा विरोध आमच्या बापजाद्यांच्या काळी तरी सार्वत्रिक होता.

नावांची तऱ्हा त्याहून मौजेची. पोर्तुगीज लेखणीखाली शेणव्याचे ‘सिनाय’ झाले, कामताचे ‘कामोतीं’ झाले आणि प्रभूचे ‘पोरोबो’ झाले. आजोबा जन्मदाखल्यात एक, दस्तात दुसरे आणि उताऱ्यात तिसरेच. तेव्हा या तिन्ही नावांचा इसम एकच, असे प्रतिज्ञापत्र करून देण्यात आमच्या कित्येक सकाळी खर्ची पडतात. परमेश्वराची सहस्र नामे असून तो एकच आहे हे सिद्ध करण्यास संतांना भक्ती पुरली. आम्हांला मुद्रांक लागतो.

अशा या भाषांच्या गर्दीत पोर्तुगीज नोटरीच्या पद्धतीत एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची होती. दस्त नोटरीच्या पुस्तकात लिहिला जाई, आणि सही करण्यापूर्वी पक्षकार व साक्षीदार यांच्यासमक्ष तो मोठ्याने वाचला जाई. पक्षकारास भाषा येत नसेल तर दुभाषा बसे. दस्ताच्या शेवटी तसे नमूदही केले जाई. आमच्या आजच्या मसुद्यांतही ‘मजकूर वाचून दाखविला, समजला व मान्य केला’ हे वाक्य शेवटी येते. छापील नमुन्यात ते आयतेच असते; आणि जे आयते असते त्याकडे कोणी पाहत नाही. आमच्या मते साऱ्या दस्तातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच.

त्याचे कारण असे. ज्या दिवाणी संहितेने गोव्यातल्या घरांचे अर्थकारण बांधले ती १८६७ साली लिस्बनला मंजूर झाली आणि १ जुलै १८७० पासून येथे लागू झाली. हिंदूंच्या काही रूढी १८८०च्या फर्मानाने राखून ठेवण्यात आल्या. पण घराच्या मिळकतीचा मुख्य नियम सर्वांस एकच राहिला. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास पती-पत्नींची मिळकत एक होते, व पत्नी तिच्या अर्ध्याची धनीण ठरते. तिच्या संमतीवाचून पतीला स्थावर विकता येत नाही. आईबापांच्या पश्चात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. मुलेबाळे असलेल्या माणसाला मृत्युपत्राने आपल्या हिश्शाच्या अर्ध्याचीच विल्हेवाट लावता येते. उरलेले अर्धे मुलांपासून हिरावता येत नाही. इंग्लंडात विवाहितेची मिळकत तिची स्वतःची मानणारा व्यापक कायदा १८८२ सालचा. उर्वरित भारतात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला तो २००५ साली. २०१६ साली गोव्यात वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी यांचा नवा कायदा अमलात आला. त्यानेही हे जुने सूत्र मोडले नाही. यावरून डिचोलीच्या घराघरांतून मुलींना वाटे मिळाले असतील असे कोणी अनुमान काढील, तर त्याने आमच्या कचेरीत चवथीच्या सुमारास एक आठवडा येऊन बसावे.

चवथीला लेकी-बाळी माहेरी येतात. मुंबईचे भाऊ येतात. माटोळी बांधलेली असते, घर भरलेले असते, आणि सगळ्यांच्या सह्या एका ठिकाणी मिळण्याचा वर्षातला तो एकच योग असतो. म्हणून चवथीच्या आगेमागे हक्कसोडपत्रांचा हंगाम येतो. बहिणीने आईबापांच्या मिळकतीवरचा हक्क सोडावयाचा, तिच्या नवऱ्याने संमतीची सही करावयाची, आणि सर्वांनी मिळून जेवावयास जावयाचे. पुढे भाऊबीजेला ओवाळणी पडते. वाटा आणि साडी यांचा हिशेब मांडणे आमच्याकडे असंस्कृतपणाचे समजले जाते.

एका वर्षी पेडण्याकडील एक वृद्ध बाई दोन भावांसह अशाच कागदासाठी आल्या. आम्ही वाचीत होतो आणि भाऊ मान डोलावीत होते. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “वकीलबाब, तें परतून एक फावट वाचात. हांव कितें सोडटां तें म्हाका आयकूंक जाय.” आम्ही पुन्हा वाचले, या खेपेस कोंकणीत सांगत सांगत. शेते, भाटाचा तुकडा, काजूची झाडे यांना त्यांची हरकत नव्हती. भाऊ कसतात, त्यांनीच खावे. घराचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी हात वर केला. “आवयची कूडूय?” त्यांनी विचारले. आईची खोलीसुद्धा?

कायद्याचा एक नियम असा आहे की वारसा सोडावयाचा तर सगळा सोडावा लागतो. शेत सोडले आणि खोली ठेवली, असे हक्कसोडपत्र होत नाही. एकदा सोडलेला हक्क परतही घेता येत नाही. शिवाय असा निव्वळ सोडलेला हिस्सा सर्व सहवारसांकडे जातो. ज्या भावाने आईची सेवा केली त्या एकालाच तो मिळेल, ही समजूत चुकीची असते. हे सारे आम्ही त्यांना सांगितले. टेबलापाशी काही वेळ कोणीच बोलले नाही. सही झाली नाही. पुढे पाच-सहा महिन्यांनी रीतसर वाटणीपत्र झाले, आणि ती खोली बहिणीच्या नावे लागली. त्या घरातून दर चवथीला आमच्याकडे नेवऱ्या येत असत. त्या वर्षीपासून त्या बंद झाल्या. वकिलाच्या मेहनतान्यातून वजा होणाऱ्या रकमा अशाही असतात, आणि त्यांची पावती कोणी देत नाही.

देवळात वावरणाऱ्या वाचकांना यात नवल वाटू नये. आमच्या देवस्थानांतून गाऱ्हाणे घालतात ते मनातल्या मनात घालीत नाहीत. देवापुढे उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, माणसाचे नाव, त्याची अडचण, त्याचे मागणे उच्चारले जाते. आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी “होय महाराजा” म्हणून साथ देतात. संमती ऐकून द्यावयाची असते, हे तत्त्व नोटरीच्या पुस्तकात येण्यापूर्वीपासून आमच्या सभामंडपात नांदत आहे. मात्र हेही खरे की गाऱ्हाण्याचे वाक्य पुरे होण्याआधीच “होय महाराजा” म्हणणारे काहीजण प्रत्येक गावात असतात. देवापुढे ते चालून जाते, कारण मागणे कल्याणाचेच असते. निबंधकापुढे ते चालत नाही. हक्कसोडपत्रापुढे बहिणीने म्हटलेला होकार अनेकदा याच जातीचा असतो. वाक्य भावाचे, सूर घराण्याचा, आणि “होय महाराजा” तिचे.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाली, आणि पेडण्याच्या ज्या माळावर पूर्वी गुरे चरत त्याची चौकशी करणारी दूरदूरची माणसे येऊ लागली. मुखत्यारपत्रे घाईने केली जातात. काल ज्या हक्काची किंमत ओवाळणीच्या साडीइतकी वाटत होती, तो हक्क उद्या कोणाच्या हाती जाईल हे सही करणाऱ्या बहिणीलाही ठाऊक नसते आणि सही घेणाऱ्या भावालाही नसते. बहिणीने हक्क सोडूच नये असे आम्ही म्हणणार नाही. भावावरच्या मायेने, समजून उमजून सोडलेला वाटा हे दान आहे आणि दानाचे पुण्य कायदा हिरावून घेत नाही. न ऐकता सोडलेल्या वाट्याला मात्र दान म्हणता येत नाही. संकल्प सोडताना काय देतो हे उच्चारावे लागते. नुसते पाणी सोडून भागत नाही.

म्हणून यंदाच्या चवथीला ज्यांच्या घरी असा कागद यावयाचा असेल, त्यांना आमची विनंती एवढीच. सही करण्यापूर्वी तो आपल्या भाषेत वाचून घ्यावा, समजला नाही तर दुसऱ्यांदा वाचावयास लावावे, आणि वाचणारा घाई करू लागला तर कागद घरी न्यावा. वकिलाचा वेळ जाईल याची भीड धरू नये. तो वेळ तुमचाच आहे, आणि त्याचाच मेहनताना आम्ही घेतो.