नार्व्याहून येणारी माती

दिवाडी बेटावरच्या माझ्या स्टुडिओत घडणाऱ्या बहुतेक भांड्यांची माती नदी ओलांडून येते. डिचोली तालुक्यातून टेंपो नार्व्याच्या धक्क्यावर लागतो, फेरीबोटीत चढतो आणि मांडवीच्या या बेटावर उतरतो. ती माती मला पहिल्यांदा दिली अण्णांनी. जातीचे कुंभार, बापजाद्यांपासून चाक चालवणारे. पैसे पुढे केले तर म्हणाले, "आमचो देव तुमच्या बेटावरून आला. मातीचे पैसे कसले घेऊ, बाय?"

सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीज अमलात ते पाडलं गेलं, भक्तांनी देव नदीपलीकडे नार्व्याला नेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. अण्णांच्या घरात ते शेजाऱ्यांमधल्या देण्याघेण्यासारखं अजून चालू आहे.

मी शहरात चाक शिकले, तेव्हा माती तयार मळलेली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून येई. बेटावर आल्यावर पाहिलं तर ओहोटीला खाजणाच्या कडेला मऊसूत, लोण्यासारखा चिखल उघडा पडलेला. फुकटचा, हाताशी. अण्णा एकदा बेटावर आले, तेव्हा त्यांनी त्यातली चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. "खारी. हिचं मीठ वर येणार." इथे भरतीचं पाणी आतपर्यंत येतं. ओलं भांडं सुकतं तेव्हा आतलं पाणी विरघळलेलं मीठ घेऊन पृष्ठभागाशी येतं, पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. भाजल्यावरही तो पांढरट थर जात नाही, वर ग्लेझ धड बसत नाही. प्रयोगशाळेतही हे कळलं असतं. अण्णांना जीभ पुरते. आता टेंपोतून आलेली प्रत्येक खेप मीही आधी चाखते.

पावसाळ्याचं ऋण याहून मोठं. जून ते सप्टेंबर बेटावर हवाच इतकी ओली असते की फळीवरचं भांडं आठवडा झाला तरी सुकत नाही. वरून हाताला कोरडं लागतं, जाड बुडात ओल दडलेली असते. भट्टी शंभर अंशांपुढे गेली की त्या ओलीची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की भांडं फुटतं आणि शेजारची चार घेऊन जातं. अण्णांनी शिकवलं, भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर आत पाणी आहे. त्यामागचं कारण सरळ आहे, उडून जाणारं पाणी उष्णता ओढून घेतं. माझ्या विजेच्या भट्टीला तापमान दाखवणारा काटा आहे, पण भट्टीत काय ठेवायचं हे तो सांगत नाही. ते गाल सांगतो.

अण्णा स्वतः घुमट या वाद्याची भांडी घडवतात. दोन्हीकडून उघडं मडकं. रुंद तोंडावर चामडं चढतं, अरुंद तोंड मोकळं राहतं. पूर्वी चामडं घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. आव्यातून निघालेलं प्रत्येक भांडं ते बोटाच्या पेराने वाजवून बघतात. डोळ्याला न दिसणारी चीर आवाज बद्द करते. माझा कान त्यांनीच तयार केला, तासन् तास शेजारी बसवून, एकही भांडं मला विचारल्याशिवाय बाजूला न ठेवता.

या सगळ्याचं मोल त्यांनी कधी लावलं नाही. एवढंच मागितलं, की नातीला ग्लेझ शिकव. ती रविवारी फेरीने येते. तिचा हात माझ्याहून हलका आहे आणि चाकावर बसली की तिला काही सांगावं लागत नाही. ती हा धंदा करील की नाही, मला ठाऊक नाही. करावा, अशी माझी फार इच्छा आहे. पण मडक्याला मिळणाऱ्या भावात घर चालत नाही, हे तिच्या आईबापांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

२०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसावाद्य ठरवलं. चवथीच्या आरत्यांत तो घरोघर घुमतो, वाजवणाऱ्याचं कौतुक होतं. तुम्ही घुमट घ्यायला जाल, तेव्हा त्याचं भांडं कुणाच्या चाकावर घडलं ते विचारा, आणि जमलं तर त्या कुंभाराच्या दारात जाऊन, तो सांगेल त्या भावाने, घासाघीस न करता घ्या.