चिखलातले पाहुणे

"पक्षी बघायला गेले होते" असं सांगितलं की होस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला : "मोर दिसला का?" अहो, मोर ओळखायला काय लागतं? खरी ओरल घेतात ते चिखलातले पक्षी. सगळे मातकट, सगळे लांब चोचीचे, आणि जरा जवळ गेलं की सगळे भुर्रर्र!

आमचं घर दिंद्रुडला, माजलगाव तालुक्यात. सुट्टीत काकांच्या जीपमधून आबांना घेऊन मी माजलगाव धरणाच्या काठी जाते. सिंदफणा नदीवरचं हे धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं. फेब्रुवारीनंतर पाणी मागे सरकतं, ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि तिथे ह्यांची मेस सुरू होते.

नवख्याने सुरुवात शेकाट्यापासून करावी. काळे पंख, पांढरं अंग आणि लांबच लांब गुलाबी पाय. इथे नापास होणं अशक्य! मग तुतारी. सारखी शेपटी हलवत असते आणि खांद्याजवळ पांढरा रंग पाचरीसारखा वर घुसलेला असतो. हिरवी तुतारी हिरवी अजिबात नसते (नाव ठेवणाऱ्याला नमस्कार). ती उडाली की पंखांची खालची बाजू काळपट आणि कंबर पांढरीशुभ्र दिसते. पाठीवर ठिपके जास्त, भुवई ठळक आणि पंखाखाली फिकट असेल, तर ती ठिपकेवाली तुतारी. सगळ्यात छोटा तो टिलवा. त्याचे पाय बघायचे : काळे असले तर छोटा टिलवा, पिवळट असले तर टेमिंकचा. पाय चिखलाने माखलेले असले तर मात्र गप घरी यायचं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी खास : पाणलाव्याची चोच चिमट्यासारखी. पूर्ण चोच चिखलात खुपसलेली असतानाही तो तिचं फक्त टोक उघडू शकतो. असा चिमटा आपल्या वर्कशॉपमध्ये तरी नाही.

मी कॉन्व्हेंटवाली. सँडपायपर, स्टिंट, स्नाइप तोंडपाठ, पण मराठी नावं लायब्ररीत मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' हाती लागल्यावर कळली. टिटवी 'डिड ही डू इट' म्हणते, असं इंग्रजी पुस्तकात असतं. आबांना ते सांगितलं, तर ते म्हणाले, "ती कशाला इंग्रजी बोलंल? टिटीव-टिवी म्हणती ती." बाकीचे सगळे आबांसाठी 'चिखलातल्या चिमण्या'.

आबांची जमीन ह्या धरणात गेली. पाणी खूप उतरलं की त्यांच्या विहिरीचा दगडी काठ वर येतो. ज्या गाळावर मी टिलवे मोजते, तिथे कधीकाळी आबांची ज्वारी होती. म्हणजे गंमत बघा, मला पक्षी जास्त हवे असतील तर पाणी कमी पाहिजे. 2016 च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या वर्षी, इथेही पाण्याचे हाल होते. काका सांगतात, तेव्हा धरणात चालत जाता यायचं. चांगला चिखल मागायचा म्हणजे तसलं वर्ष मागायचं. मी नाही मागत. पण मार्चमध्ये गाळ दिसला की पाय आपोआप वळतात, हेही खरं.

गेल्या एप्रिलमध्ये आबांनी विचारलं, "काय बघायलीस गं एवढं?" मी सांगितलं, हा टिलवा वीस-पंचवीस ग्रॅमचा, आता पार उत्तर ध्रुवाकडे सैबेरियात जाणार, तिथे अंडी घालणार आणि पावसाळा सरता सरता परत येणार.

"दरसाली?"

"दरसाली."

मग त्यांनी पहिल्यांदाच दुर्बीण मागितली. मी फोकस करून दिली. बराच वेळ बघत होते. टिलवे उजवीकडे होते, दुर्बीण डावीकडे, विहिरीच्या काठावर. तिथे एक तुतारी शेपटी हलवत बसली होती.

"दगडं अजून जाग्यावर हायेत," आबा म्हणाले, आणि दुर्बीण तशीच धरून राहिले.