थ्री-नॉट-थ्री

सध्या ऑनसाइटवर आहे, लंडनच्या दक्षिणेला सरेमध्ये. वीकेंडला घरामागच्या जंगलात भटकणं हा इथला एकमेव फुकटातला छंद. गेल्या शनिवारी पावसाने खचलेल्या उतारावर तीन काळपट गोळ्या दिसल्या. बंदुकीच्या!

मंडळी, अशा वेळी पहिला प्रश्न "कुठली?" हा नाही, "झाडलेली आहे का?" हा. पुंगळीसकट अख्खं काडतूस असेल तर हात लावायचा नाही, सरळ पोलिसांना कळवायचं. जुनी दारूसुद्धा पेटू शकते. या तिन्हींना पुंगळी नव्हती आणि अंगावर तिरके चरे होते, म्हणजे झाडलेल्या.

हे चरे म्हणजे गोळीची लॉग फाइल. नळीच्या आतल्या पिळाचे ठसे गोळीवर उमटतात. इथे मोजले पाच, डावीकडे वळणारे. ही ली-एनफिल्डची खूण. पण १९४० मध्ये इथल्या होमगार्डला अमेरिकेच्या एम-१९१७ रायफली मिळाल्या होत्या आणि त्यांचाही पीळ डावा, चरे पाचच! काडतूस मात्र वेगळं. गोंधळ नको म्हणून त्या रायफलींवर लाल पट्टा रंगवत.

मग किचनमधला वजनकाटा काढला. ११.२ ग्रॅम. अमेरिकेची पहिल्या महायुद्धातली गोळी ९.७ ग्रॅमची, ब्रिटिश मार्क ७ ची ११.३. शिवाय एकीचं टोक फाटलं होतं, आत शिशाऐवजी ॲल्युमिनियम. मार्क ७ नक्की! म्हणजे लहानपणी आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली तीच थ्री-नॉट-थ्री.

तिची काडतुसं आपल्या खडकीतही बनत, पुंगळीच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असत. या जंगलात बहुतेक नुसता सराव झाला असणार, कारण जर्मन सैन्य इंग्लंडात उतरलंच नाही. मराठा लाइट इन्फन्ट्री मात्र हीच रायफल घेऊन इटलीत लढली. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथेच पडले. वय अवघं बावीस. आमच्या टीममधले फ्रेशर्स त्याच वयाचे आहेत.

रूममेट म्हणाला, "एक पुण्याला ने की." नाही नेणार. एक तर जमीन ज्याची, वस्तू त्याची. शिवाय बॅगेत काडतूस सापडलं म्हणून आपल्या विमानतळांवर लोकांवर गुन्हे दाखल झालेत. झाडलेली गोळी आणि काडतूस यांतला फरक पहाटे तीन वाजता सिक्युरिटीवाल्याला कोण समजावणार? :)

तर, सापडलीच कुठे तर आधी पुंगळी बघा, मग चरे मोजा. आणि फोटोवर भागवा.