थंडी, एमआयडीसी आणि कुत्र्याचे पाय

थंडी पडली की मोबाईलवर कुत्र्यांच्या बुटांच्या जाहिराती सुरू होतात. वाकड, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत सकाळी बूट घातलेली कुत्री दिसतातही. ज्याची त्याची हौस, माझी तक्रार नाही. पण आपल्या पट्ट्यात हिवाळ्यात कुत्र्याच्या पायाला नेमका कशाचा धोका आहे, ते एकदा बघू.

बर्फाच्या देशांत बूट लागतात, हे खरं. अलास्कातल्या इडिटारॉड स्लेज शर्यतीत तर प्रत्येक कुत्र्यामागं आठ बूट जवळ ठेवावेच लागतात. आपल्याकडं बर्फ कुठला? पुण्याची आजवरची नीचांकी नोंद १.७ अंश, तीही जानेवारी १९३५ मधली. एरवी पारा ८-१० वर आला की आपण कानटोपी शोधतो, पण कुत्र्याच्या पंजाला तेवढ्या थंडीनं काही होत नाही. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की पंजाच्या गादीत धमन्यांभोवती शिरांचं जाळं असतं. पायाकडून परत येणारं थंड रक्त तिथंच गरम होतं आणि अंगातली ऊब टिकते.

मग चाकण, निघोजे, म्हाळुंगे, भोसरी, तळवडे इथं लंगडणारी कुत्री का दिसतात?

बातमीसाठी रात्री-पहाटे फिरताना जे दिसतं ते सांगतो. थंडीत कुत्रं उबेला जातं. आपल्याकडं ऊब असते नुकत्याच थांबलेल्या ट्रेलरखाली, शेकोटीच्या राखेजवळ, वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला. आणि नेमकं तिथंच सगळं पडलेलं असतं. राखेखाली धगधगते निखारे. लेथ-सीएनसीच्या धारदार चिप्स. सांडलेलं ऑइल. गाडीतून गळलेला कूलंट.

यातला कूलंट सगळ्यात वाईट. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रं ते चाटतं, किंवा पाय भरले की पाय चाटतं. आधी दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, मग जरा सावरल्यासारखं वाटतं आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. झोकांड्या दिसल्या की तासाभराचाही उशीर न करता डॉक्टर गाठायचा.

निघोज्याजवळच्या एका गेटवर थर्ड शिफ्टला एक वॉचमन काका असतात, मूळचे परभणीकडचे. सोबतीला एक काळी कुत्री. "साहेब, कोण आलं तर आधी हिला कळतं, मग मला," असं ते म्हणाले. डिसेंबरात तिच्या पुढच्या पायात चिप्सचा तुकडा रुतला. काकांनी पाय कोमट पाण्यानं धुतला, फडकं गुंडाळलं आणि शिफ्ट सुटल्यावर स्वतःच्या पैशानं रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. तुकडा आला कुठून? गेटपुढून रोज जाणाऱ्या, ताडपत्री न टाकलेल्या स्क्रॅपच्या टेम्पोतून.

हा प्रश्न एकट्या कुत्र्यांचा नाही. त्याच कडेनं सकाळी भंगार वेचणाऱ्या बायका जातात, स्लीपर घातलेली पोरं शाळेला जातात. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, रस्त्याकडेला ओतायची ती वस्तूच नव्हे. पण विचारायला गेलं की ग्रामपंचायत एमआयडीसीकडं बोट दाखवते आणि एमआयडीसी ग्रामपंचायतीकडं. कुत्री मात्र सगळ्यांना 'उपद्रवी' वाटतात. पाय दुखणारं शांत कुत्रंही हात लावला की चावतं, मग बातमी चावल्याची होते. नसबंदी आणि लसीकरण झालंच पाहिजे, २०२३ चे नियमही तेच सांगतात. पण रस्ता साफ ठेवणं त्याहून सोपं आहे.

आपल्या हातात काय आहे?

शेकोटी सोडताना त्यावर पाणी ओता. रबर, रेक्झिन, प्लॅस्टिक जाळूच नका.

गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, खाली वाकून बघा.

गेटच्या कोपऱ्यात जुनं लाकडी पॅलेट, त्यावर कोरडा पुठ्ठा किंवा पोतं टाका. पोतं ओलं झालं तर लगेच बदला, ओल्या पोत्यानं थंडी जास्त लागते.

पायाला ऑइल-ग्रीस लागलं तर रॉकेल, थिनर अजिबात नको. आधी खाण्याचं तेल चोळा, मग साबण आणि कोमट पाणी. बोटांच्या मधली जागा कोरडी करा. पंजा कोरडा पडून चिरला असेल तर थोडं खोबरेल पुरतं.

काही खोल रुतलं असेल तर ओढू नका, डॉक्टरकडं न्या. कुत्रं चावलं किंवा दात लागला तर जखम साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जा.

आणि वर्कशॉपवाल्या मित्रांनो, स्क्रॅपच्या टेम्पोला ताडपत्री आणि गेटपुढं आठवड्यातून दोनदा चुंबकाचा झाडू. लोखंडी चिप्स त्यानं पटकन उचलल्या जातात. तुमच्याच कामगारांच्या दुचाकींचे पंक्चर कमी होतील, हा वरचा फायदा.

ज्यांच्या गेटपुढं चिप्स किंवा ऑइल पडलेलं आहे, त्यांनी फोटो आणि ठिकाण कमेंटमध्ये टाका. यादी करून ग्रामपंचायत आणि एमआयडीसी, दोघांकडंही लेखी देतो. पोच मिळाली की ती इथंच टाकेन.