दुसरा डाव

पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात आला, ही बातमी मला कसबा पेठेतल्या आमच्या केशकर्तनालयात समजली. जुलै २०२५ मधली पावसाळी सकाळ होती. माझ्या अर्ध्या गालाला साबण लागलेला आणि वस्तरा हवेत थांबलेला. आमच्या कारागिराला एखादा मुद्दा पटला की तो वस्तरा हवेत धरून बोलतो आणि पटला नाही की गालावर धरून बोलतो. त्यामुळे त्या दुकानात मी सहसा कोणाच्या मताला विरोध करीत नाही.

"संपला हो तो, मास्तर!" तो म्हणाला. "मुंबईला नकोसा झाला म्हणून आपल्याकडे धाडला. आपण काय जुना बाजार उघडलाय?"

बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका पेन्शनर गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितले, की पंचविशीत माणूस संपत नसतो. पंचविशीत आमची नोकरीसुद्धा कायम झाली नव्हती. त्यांच्या शेजारच्याने, "आधी पोट आत घे म्हणावं," असे सांगून स्वतःचे पोट सावरून घेतले. सगळ्यांचे निकाल लागल्यावर शेवटचा शेरा मारण्यासाठी सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मास्तर ना मी! मी नुसते "पाहू या" म्हणालो आणि उरलेला गाल पुढे केला.

खरे म्हणजे या विषयावर माझे तोंड बारा वर्षांपूर्वीच बंद झाले आहे. त्या वेळी मी ते जरा जास्तच मोठ्याने उघडले होते.

नोव्हेंबर २०१३. सचिन तेंडुलकरने वानखेडेवर निरोप घेऊन आठवडाही झाला नव्हता. सारा देश आता पुढे कोण, म्हणून वाटेकडे डोळे लावून बसलेला. अशात हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेच्या एका मुलाने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्याची बातमी आली. मुलगा नुकता चौदा वर्षांचा झालेला. आई लहानपणीच गेलेली, वडील त्याला विरारहून मैदानावर घेऊन जात. ते वर्तमानपत्र मी वर्गात नेले आणि मोठ्याने वाचले. आठवीच्या त्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसत असे. आदल्याच आठवड्यात त्याने आंतरशालेय सामन्यात साठ-पासष्ट धावा केल्या होत्या. मी त्याच्याजवळ गेलो, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाहीर केले, "हा आपल्या कसब्याचा पृथ्वी!"

वर्गाने टाळ्या पिटल्या. मुलाने मान खाली घातली. विनयशील आहे हो पोरगा, असे मला वाटले.

पुढे दोन वर्षे त्याला कोणी त्याच्या नावाने हाक मारली नाही. तो दहा धावांवर बाद झाला तर "पृथ्वी दहावर गेला", शून्यावर बाद झाला तर "पृथ्वीचा भोपळा". तिकडे विरारच्या पृथ्वीची कीर्ती वाढत गेली, तसतसे इकडच्याचे भोपळे मोठे दिसू लागले. दहावीच्या वर्षी त्याने खेळ सोडला. मी त्यावर काय केले? कादंबरी लिहिली. पेठेतला एक गुणी मुलगा, त्याच्याकडून अपेक्षा करणारे लोक, आणि शेवटच्या प्रकरणात माळ्यावर टाकलेली बॅट. बॅटीवर धुळीचा थर दाखवून मी "समाप्त" लिहिले. एका परीक्षकाने त्या शेवटाला 'अटळ' असे विशेषण लावले, आणि मला ते तेव्हा फार आवडले. मुलगा मात्र तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहात होता. त्या रस्त्याने जायचे मी टाळू लागलो.

त्यामुळे खऱ्या पृथ्वीच्या चढउतारांवर माझे लक्ष राहिले, ते निव्वळ क्रिकेटच्या प्रेमाने नव्हे. २०१८ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा काढल्या. वय अठरा. मग २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या निषिद्ध द्रव्यापायी आठ महिन्यांची बंदी. मग डिसेंबर २०२०, ॲडलेड. दोन डावांत मिळून चार धावा, दोन्ही वेळा बॅट आणि पॅड यांच्यामधून चेंडू आत शिरलेला. भारताचा दुसरा डाव छत्तीसवर आटोपला तो हाच सामना. त्यानंतर तो कसोटी खेळलेला नाही. पाचच कसोट्या.

आता गंमत पाहा. लोक विचारतात, हा परत येईल का? अहो, तो परत किती वेळा आला! ॲडलेडनंतर दोन-तीन महिन्यांतच विजय हजारे करंडकात त्याने एका मोसमात ८२७ धावा केल्या. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला आसामविरुद्ध ३७९. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडात नॉर्दम्प्टनशायरकडून २४४, आणि लगोलग गुडघा दुखावला. परत येणे त्याला चांगले जमते. आल्यावर तिथे राहणे जमत नाही. दरवाजा उघडून आत यावे, सगळ्यांनी "या, या" म्हणावे आणि बसायला पाट मांडेपर्यंत पाहुण्याने निघून जावे, असे त्याचे चालले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले. वजन आणि शिस्त ही कारणे छापून आली. पुढच्याच महिन्यात लिलाव. याच मुलाला दिल्लीने २०१८ साली सव्वा कोटीच्या आसपास आणि २०२२ साठी साडेसात कोटींना ठेवून घेतले होते. आता पाऊण कोटीलाही कोणी हात वर केला नाही. (पुढे डिसेंबर २०२५ मध्ये त्याच पाऊण कोटीला पुन्हा दिल्लीनेच घेतले, तेही सुरुवातीला कोणी विचारले नाही तेव्हा, शेवटी शेवटी.) आपण चुकीची माणसे जोडली, सरावाचे तास कमी होत गेले, असे त्याने २०२५ मध्ये एका मुलाखतीत आपल्या तोंडानेच सांगितले.

आपल्याकडे याच्या आधी असे झाले नाही असे नाही. विनोद कांबळीचे सतराच कसोट्यांत चोपन्नच्या सरासरीने धावा होत्या, आणि १९९५ नंतर, चोविशीच्या आत, तो पुन्हा कसोटी खेळला नाही. तोही हॅरिस शील्डमधलाच. चौदा-पंधराव्या वर्षी आम्ही मुलांना देव्हाऱ्यात बसवतो आणि मग देव चहा प्यायला बाहेर पडला की दचकतो.

म्हणून मला वाटले, पृथ्वीने पुणे निवडले ते बरे केले. आमच्या पुण्यात कौतुकाची टंचाई आहे. त्यातून कसबा पेठेत पहिला मान गणपतीचा, आणि तो एकदा देऊन झाला की दुसऱ्या कोणाला मान देण्याची आम्हांला घाई नसते. इथे शतक काढले तर "बरा खेळला" म्हणतात आणि द्विशतक काढले तर "समोर गोलंदाजी कोणाची होती?" असे विचारतात. प्रा. दि. ब. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि क्रिकेट खेळत. भारताला पहिली कसोटी १९३२ साली मिळाली तेव्हा त्यांचे वय चाळीस, म्हणजे निवडसमितीच्या लेखी ते म्हातारे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, आणि त्यातल्या दुसऱ्या मोसमात अठ्ठेचाळीस वर्षांच्या या प्राध्यापकांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये इथेच, पूना क्लबच्या मैदानावर, काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या, तेवढ्यात समोरचा संघ सामना सोडून निघून गेला! निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही. रणजीत निंबाळकरांच्या त्या ४४३ नंतरची सर्वांत मोठी खेळी म्हणजे पृथ्वीचे गुवाहाटीचे ३७९. म्हणजे हा पोरगा निंबाळकरांच्या खालच्या पायरीवर होता आणि आता त्यांच्याच घरात राहायला आला. ही गोष्ट मी केशकर्तनालयात सांगितली तेव्हा वस्तरा बराच वेळ हवेत राहिला.

ऑगस्टमध्ये चेन्नईच्या बुची बाबू स्पर्धेत त्याने महाराष्ट्राकडून पहिलेच शतक ठोकले. ऑक्टोबरात गहुंजेला मुंबईशीच सराव सामना झाला. त्यात १८१ धावा केल्या आणि बाद होऊन परतताना जुन्या सोबत्यांशी शब्दाला शब्द लागून बॅट उगारली, असे सगळ्या वर्तमानपत्रांत आले. "बघा!" वस्तरा माझ्या गालावर टेकवून कारागीर म्हणाला. मी गप्प बसलो. घर सोडलेल्या माणसासमोर घरचीच माणसे पाहुणी म्हणून उभी राहिली तर त्याचे काय होत असेल, हे मला विचारायचे होते. पण जागा नाजूक होती.

रणजीचा पहिला सामना तिरुवनंतपुरमला, १५ ऑक्टोबरला, ऐन चकल्यांच्या दिवशी सुरू झाला. सोऱ्या दाबण्याचे काम माझ्याकडे होते. पृथ्वी चार चेंडू खेळला आणि शून्यावर पायचीत झाला. महाराष्ट्राची एकही धाव झालेली नसताना तीन गडी गेले होते. माझ्या हातून चकलीचा वेढा तुटला. "तुमचं लक्ष कुठाय?" असे स्वयंपाकघरातून विचारले गेले. दुसऱ्या डावात त्याने ७५ केल्या, पण तोवर पेठेने निकाल लावून टाकला होता.

त्याच आठवड्यात आमचा तांब्याचा बंब गळू लागला. घरात गीझर आहे. पण नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान बंबाच्याच पाण्याने व्हायला हवे, हा माझ्या आईच्या वेळचा शिरस्ता सौभाग्यवतींनी पुढे चालवला आहे. मी बंब तांबट आळीत नेऊन दिला. दिवाळीआधी नक्की देतो, असे मिस्त्रींनी सांगितले आणि भाऊबीज झाल्यावर, २७ ऑक्टोबरला, या म्हणून निरोप पाठवला. आम्ही गीझरच्या पाण्याने पवित्र झालो होतोच.

मी गेलो तेव्हा काम थोडे राहिले होते. मिस्त्री तळाचा पत्रा भट्टीत लाल करीत होते. तांबे ठोकत गेले की कडक होत जाते, आणि तसेच पुढे ठोकले तर तडकते. म्हणून मध्ये मध्ये तापवून नरम करावे लागते, असे त्यांनी मला, दिवाळी हुकल्याचे कारण म्हणून, समजावून सांगितले. एवढ्यात दारात स्कूटर थांबली. भांड्यांच्या दुकानाचा माल न्यायला एक तरुण आत आला, आणि मला पाहून म्हणाला, "सर!"

तोच तो. सव्वीस वर्षांचा झाला होता. दाढी होती. मान खाली घालण्याची सवय मात्र तीच.

काय बोलावे ते मला सुचेना. त्यानेच मोबाइल पुढे केला. "सर, चंदीगडला बघितलंत का? एकशे एक्केचाळीस चेंडूंत दोनशे झाले त्याचे."

आम्ही दोघांनी मिळून बाकीचे पाहिले. १५६ चेंडूंत २२२ करून तो बाद झाला. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली आणि गोलंदाजी कोणाची होती, असे विचारले.

"आता येईल म्हणायचा परत," मी म्हणालो. सवय जात नाही.

"पहिल्या डावात आठच होते, सर," तो म्हणाला. "ते आज कोणी विचारत नाहीये." मग थोडे थांबून म्हणाला, "मला विचारायचे."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. मी कसेबसे म्हणालो, की त्या दिवशी वर्गात मी तसे बोलायला नको होते. तो हसला. दर रविवारी पहाटे नदीकाठच्या मैदानावर टेनिसच्या चेंडूने खेळतो, असे त्याने सांगितले. सहाव्या नंबरवर जातो. कधी चाळीस होतात, कधी काही नाही. बरोबरची पोरे लहान आहेत, त्यांना त्याचे शाळेतले टोपणनाव ठाऊक नाही. तिथे त्याला त्याच्या नावानेच हाक मारतात.

"तो मात्र सगळ्यांना माहीत आहे," मोबाइलकडे बोट दाखवून तो म्हणाला. "त्याला अवघड आहे, सर. चंदीगडला सकाळी मैदानावर किती माणसं असतील? शंभर? तेवढीच असली पाहिजेत अजून दोन वर्षं."

बंब तयार झाला. मी रिक्षा पाहू लागलो, तर त्याने तो उचलून स्कूटरच्या पुढच्या जागेत ठेवला आणि मला मागे बसवले. फडके हौदावरून आम्ही हळूहळू आलो. बंब त्याच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये होता आणि खड्डा आला की खणखणत होता. वाड्याच्या दारात त्याने तो उतरवून ठेवला. सौभाग्यवतींनी आग्रह केला म्हणून उरलेल्या चकल्यांपैकी दोन घेतल्या. मग स्कूटरवर बसता बसता त्याने विचारले,

"सर, त्या कादंबरीतला मुलगा मीच ना?"

मी होय म्हणालो.

"वाचली मी. लायब्ररीत होती," तो म्हणाला. "चांगली आहे. शेवट जरा लवकर केलात."

आणि स्कूटर वळवून तो तांबट आळीकडे गेला. माल तिथेच राहिला होता.