अकरा चमचे आणि एक डाव

कोल्हापुरास जाण्याचा प्रसंग आम्हांस आजवर पुष्कळदां आला आहे. कधीं अंबाबाईच्या दर्शनासाठीं, कधीं लग्नकार्यासाठीं. परंतु पंचांत बांधलेले अकरा चांदीचे चमचे मांडीवर घेऊन आम्ही मिरजेस कोल्हापूरच्या गाडींत बसलों, तो प्रसंग या सर्वांहून निराळा होता. वडिलार्जित वाडा विकला गेला होता. तिघां भावांचे संसार तीन गांवीं झालेले; तेव्हां भांड्याकुंड्यांची वांटणी करणें प्राप्तच होतें. पातेलीं, पराती, घागरी यांची वांटणी बिनबोभाट झाली. अडलें तें या चमच्यांपाशीं. मुळांत ते बारा होते; बारावा केव्हां व कसा गेला याविषयीं घरांत तीन मतें आहेत. अकरा चमचे तिघांत सारखे वांटतां येत नाहींत, आणि चांदीचा भाव गेल्या कांहीं वर्षांत इतका चढला आहे कीं, ‘मोडून पैसे वांटून घ्यावे’ ही सूचना कोणासही वावगी वाटली नाहीं. थोरल्या वहिनी आमच्याबरोबर निघाल्या, त्या मात्र गप्प होत्या. जुन्या स्वयंपाकघरांतला एक पितळी डावही त्यांनीं पिशवींत टाकला होता. तो देऊन स्टीलचा नवा घ्यावा, असा विचार होता.

मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ सालचा. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आंतलेंच. रुकडीजवळ पंचगंगा ओलांडली कीं कोल्हापूर आलें म्हणून समजावें. स्थानकावरून आम्ही नीट गुजरींत गेलों. गुजरी ही सोन्याचांदीची पेठ, अंबाबाईच्या देवळापासून हांकेच्या अंतरावर. ज्या पेढीवर आम्ही बसलों तेथील वृद्ध सराफांनीं चमचे एकेक करून हातांत घेतले, तोलले आणि ‘टंच काढावा लागेल’ एवढेंच म्हटलें. टंच म्हणजे जिनसेंतील चांदीचा चोखपणा. शुद्ध चांदी मऊ असते. तिचा पातळ चमचा केला तर तो घट्ट श्रीखंडांतच वांकावयाचा. म्हणून तिच्यांत बहुधा तांब्याची भर घालतात. हजार भागांत ९२५ भाग चांदी हें प्रमाण विलायतेंत कित्येक शतकें चालत आलें आहे, आणि रोजच्या वापराच्या चमच्यास तें उत्तम. आपल्याकडील जुन्या घरगुती जिनसांत हें प्रमाण जिनसेगणिक बदलतें; आमच्या अकरांतही दोन जाती निघाल्या. मोडीच्या भावांतून ही भर आणि आटणींतली घट वजा जाते, आणि तेवढेच चमचे पुन्हां घडवावयाचे म्हटलें तर मजुरी वेगळी. सराफांनीं हा सारा हिशेब कागदावर मांडून दाखविला आणि आपण होऊन म्हणाले, ‘‘वहिनी, मोडायला घटकाभर पुरते. विचार करून या.’’ घेणारासच घाई नाहीं अशी पेढी क्वचित् भेटते.

त्यांच्याच तोंडून आणखी एक गोष्ट कळली, ती नवे चमचे घेणारांनीं ध्यानांत ठेवावी. भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि तिच्याजवळचा ९२५ किंवा ९९० हा आंकडा पाहिल्यावांचून चांदी म्हणून कांहीं घेऊं नये. ‘जर्मन सिल्व्हर’ या नांवाला तर मुळींच भुलूं नये; त्यांत तांबें, जस्त आणि निकेल असतें, चांदीचा कणही नसतो. आहेरांत आलेले असे चमचे पुष्कळ घरीं वर्षानुवर्षें तिजोरींत जपलेले आम्हांस ठाऊक आहेत!

तेथून आम्ही डाव बदलण्यासाठीं एका कासाराच्या दुकानीं गेलों. जुनें पितळ वजनावर घेऊन नवें भांडें देण्याची रीत अद्यापि चालू आहे. कासारानें डाव तोलला, पण बाजूस न टाकतां तो उजेडाकडे धरला, कडेवरून अंगठा फिरविला आणि म्हणाला, ‘‘ह्यो डाव डावऱ्या हाताचा हाय, ताई.’’

आम्ही पाहूं लागलों. उजव्या हातानें पातेलें ढवळणाऱ्या आणि तळ खरवडणाऱ्या माणसाच्या डावाची डावी कड झिजते. कोणत्याही जुन्या घरांतला डाव काढून पाहावा. आमच्या डावाची उजवी कड झिजून कागदासारखी पातळ झाली होती आणि पुष्कळशी आंत गेली होती. वहिनी एकच शब्द बोलल्या, ‘‘आत्याबाई.’’

वडिलांच्या या आत्या लहानपणींच वैधव्य येऊन माहेरीं आल्या, त्या शेवटपर्यंत आमच्या वाड्यांत होत्या. त्या डावखुऱ्या. डाव्या हाताचें वाढणें पंक्तीस चालत नसे. म्हणून आमटी त्यांनीं करावी आणि वाढावयास दुसऱ्या कोणी जावें, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. आमटीची वाखाणणी पंक्तींत होई, ती वाढणारीच्या कानीं पडे. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण त्याकडे आम्ही कधीं पाहिलें नव्हतें. कासारानें पुढें केलेला स्टीलचा डाव वहिनींनीं परत सरकविला आणि ‘याला कल्हई करून द्या’ म्हणून सांगितलें.

कल्हई करणारे आतां गल्लोगल्लीं हिंडत नाहींत. पण त्या दुकानाशीं एकाचा संबंध होता, त्यामुळें काम आमच्या देखतच झालें. डाव निखाऱ्यावर तापवावयाचा, नवसागराची पूड टाकून पितळ निर्मळ करावयाचें, मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानें तें चटकन् सर्वत्र फिरवावयाचें. कथील २३२ अंशांवरच वितळतें, म्हणून हें सारें चार-दोन क्षणांचें काम. चिंच, कोकम, ताक यांच्या आंबटपणानें पितळांतलें तांबें सुटून अन्नांत उतरतें. तें कथलाच्या थरानें टळतें. थर विरून आंतला पिवळा रंग दिसूं लागला कीं आंबट पदार्थांत तो डाव घालूं नये, पुन्हां कल्हई करावी.

डाव थंड होईतों आम्ही त्या दुकानांत बसून राहिलों, आणि घरांत कोणते चमचे असावेत याचा विचार प्रथमच नीट सुचला. हल्लीं बारा किंवा चोवीस नगांचा संच मखमलीच्या पेटींत घालून देतात. सुरी, काटा, चमचा जेवणाराच्या हातीं. युरोपांतही ही रीत फार जुनी नाहीं. टॉमस कोरियट नांवाच्या इंग्रज प्रवाशानें इटलींत काट्यानें जेवणारे लोक पाहिले आणि १६११ सालीं त्याविषयीं नवलानें लिहिलें. आपल्याकडे जेवणारास पांच बोटें पुरतात. डाव, पळी, झारा हीं सारीं वाढणाराचीं हत्यारें. म्हणून आपल्या घरची निवड वाढण्यापासून सुरू झाली पाहिजे. वाढतांना डाव ताटास लागूं नये हा सोंवळ्याचा नियम खरा, पण तो स्वच्छतेचाही आहे. एकाच्या उष्ट्यास लागलेला डाव दुसऱ्याच्या पानावर जाऊं नये. एवढ्यावरून डाव कसा असावा तें ठरतें. दांडा लांब हवा, वाटी खोल हवी, आणि कड अशी हवी कीं वरण एका धारेनें पडावें व थेंब मागें ओघळूं नये. दांडा रिव्हेटनें जोडलेला नसेल तर बरें; त्या फटींत अन्न साचतें. तुपाची पळी लहान आणि उभ्या दांड्याची, भाताचा चमचा पसरट. दुकानांत या वस्तु हातांत धरून, पाणी घेऊन ओतून पाहाव्या; दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा.

जेवणाराचा चमचा मग उरतो तो पातळ गोड पदार्थांसाठीं, पोह्यांसाठीं, आणि कोल्हापुरांत मिसळीच्या कटासाठीं. रोजच्या वापरास स्टील पुरेसें आहे. शंभर भागांत अठरा क्रोमियम आणि आठ निकेल असलेलें स्टील सहसा गंजत नाहीं. त्यास लोहचुंबक बहुधा धरत नाहीं, ही घरच्या घरीं करण्याजोगी ढोबळ परीक्षा. सुरीच्या पात्यास मात्र चुंबक धरतो, कारण धार टिकण्यासाठीं तें पोलाद निराळें असतें. त्यांत खोट समजूं नये.

दुपारीं नव्या राजवाड्यांतला संग्रह पाहिला. मेजर मँट यांच्या आराखड्याचा हा काळ्या दगडाचा वाडा १८७७ ते १८८४ या वर्षांत उठला. तेथें शस्त्रें आणि वस्त्रें यांबरोबर हत्तीवरच्या चांदीच्या अंबाऱ्या पाहावयास मिळतात. काम अप्रतिम, पण वहिनी तेथें फार वेळ रेंगाळल्या नाहींत.

अकरांपैकीं एका चमच्याच्या मानेस चीर गेली होती. ती सांधण्यासाठीं दुसरे दिवशीं आम्ही हुपरीस गेलों. हातकणंगले तालुक्यांतलें हें गांव, कोल्हापुरापासून पांच-सहा कोसांवर. चांदीच्या पैंजणांसाठीं त्याचें नांव दूरवर आहे. घरोघरीं आटणी, तार ओढणें, कड्या जुळविणें हीं कामें चाललेलीं, आणि त्यांत बायकांचा हात पुरुषांइतकाच. एका कारागिरानें टाकणखार लावून, चांदीपेक्षां आधीं वितळणारा डाग ठेवून, फुंकणीच्या ज्योतीनें चीर पाहतां पाहतां बुजविली. मग तोच चमचा पालथा करून त्याच्या पाठीवरच्या बारीक चपट्या खुणा आम्हांस दाखविल्या. हे सात चमचे हातोडीनें ठोकून केलेले आहेत, उरलेले चार ठशाचे, असें त्यानें सांगितलें. ठोकतांना चांदी कडक होते, ती पुन्हां तापवून मऊ करावी लागते. एका चमच्यास असें अनेकदां करावें लागतें. सराफांच्या दोन जाती आणि याच्या दोन जाती बरोबर जुळल्या.

चमचे मोडावयाचे नाहींत हें परततांना ठरलें. त्यास फारशी चर्चा लागली नाहीं. चर्चा झाली ती ते जपावयाचे कसे याची. चांदी काळी पडते ती हवेंतल्या व अन्नांतल्या गंधकामुळें. कांदा, आणि ज्यांच्या घरीं अंडें चालतें तेथें अंडें, हीं त्याचीं घरचीं कारणें. मीठ त्याहून वाईट. ओल्या मिठानें चांदीस खड्डे पडतात, ते पुन्हां भरत नाहींत. म्हणून लोणच्यांत किंवा मिठाच्या वाटींत चांदीचा चमचा ठेवूं नये, आणि जेवण होतांच धुऊन पुसावा. राखेनें आणि दंतमंजनानें घांसण्याची आपली जुनी संवय सोडावी. आमच्या चमच्यांवरचीं आजोबांचीं अक्षरें तिनेंच पुसट झालीं आहेत. काळिमा फार आला तर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर चमचे ठेवून वर कढत पाणी व खाण्याचा सोडा घालावा. गंधक ॲल्युमिनियमकडे जातें आणि चांदी जागच्या जागीं राहते. मात्र नक्षींतली जुनी छायाही त्यानें नाहींशी होते, म्हणून हा उपाय क्वचितच योजावा. ठेवतांना मऊ सुती कापड घ्यावें. रबराचीं कडीं आणि वर्तमानपत्र नको. सर्वांत सोपें म्हणजे ते रोज वापरावे. वापरांतली चांदी सहसा काळी पडत नाहीं.

वांटणी अशी झाली: दोघां भावांकडे चार-चार चमचे, आणि धाकट्याकडे तीन. ज्याच्याकडे तीन त्याच्याकडे डावही जावा, असें वहिनींनींच सुचविलें. धाकट्याची मुलगी डावखुरी आहे. गेल्या महिन्यांत आम्ही त्यांच्याकडे जेवावयास होतों. आमटी तिनेंच केली होती, आणि ती घेऊन पंक्तींत वाढावयासही तीच आली.